चौकातला चोथा

"जीभ दाखवा," रुआन वैद्य म्हणाले. थोंगबाईंनी जीभ बाहेर काढली.

जावई ख्वांग समोरच बसला होता. निंगबोहून येताना त्याने यांगमेईची टोपलीभर फळं आणली होती, आणि परतीची दोन तिकिटं. "कधी बऱ्या होणार आई? बायको माहेरी येऊन आठ महिने झाले. लोक मला विचारतात, तुझं लग्न झालंय ना नक्की?"

तो हसला. मोठा गोड हसायचा तो.

चुलीपाशी त्याची बायको पेइलान काढ्याचं मडकं चार बोटांत धरून उभी होती. तिचा उजवा अंगठा वाकत नसे. दारात सापडला, असं ती सगळ्यांना सांगे. दार कोणी लावलं होतं, ते सांगत नसे. आई बरी झाली की परत जायचं ठरलं होतं.

थोंगबाई उभ्या राहिल्या की घर गरगरायचं, कानांत दिवसभर किडे किरकिरायचे. वैद्यांचं निदान ठाम होतं: यकृतातला वारा डोक्यात चढलाय, आणि मूत्रपिंड थकलं की कान बोंब मारणारच. दर दहा दिवसांनी ते येऊन कानामागे सुया टोचत, वर काढा देत.

"आज चौकातून आलो," वैद्य म्हणाले.

काढ्याचा चोथा चौकात ओतायची इथली रीत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं म्हणतात. वैद्यांनी रुमाल उघडला. आत काढ्यातल्या औषधी वेलीचे आकडे, म्हणजे वाकडे काटे होते, शिजून लगदा झालेले.

"हे शेवटी टाकायचे, पाचच मिनिटं. तासभर उकळले की गुण गेला, उरलं नुसतं पाणी! बजावलं होतं ना? काढा कोण करतं?"

पेइलानने मडकं खाली ठेवलं. आठ महिने ती आकडे पहिल्यापासूनच टाकत होती, मुद्दाम. आईला आजारी ठेवून स्वतःला वाचवत होती, आणि रोज स्वतःचीच लाज वाटत होती. आता संपलं सगळं.

"मीच करते हो," थोंगबाई म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर नाही, विसरते."

"म्हणजे आठ महिने पाण्यात! आता पुन्हा पहिल्यापासून. वर्ष तरी धरा." वैद्य ख्वांगकडे वळले. "आणि मध्येच चक्कर येऊन पडल्या तर? मुलीला इथेच राहू द्या."

ख्वांगचं हसू मावळलं. दार आपटून तो चारच्या गाडीने एकटाच गेला. पाठोपाठ वैद्यही निघाले.

पेइलान आईच्या पायाशी बसली. "आई, ते माझंच पाप गं. मीच तुला बरी होऊ दिली नाही."

थोंगबाई उठल्या, सरळ चालत टोपलीपाशी गेल्या आणि एक फळ तोंडात टाकलं.

"रडू नकोस. कानातले किडे छिंगमिंगच्या सणालाच थांबले, तुझ्या बाबांचं थडगं झाडलं ना, त्याच दिवशी. वैद्यबुवाच म्हणाले, पोरीचा अंगठा पाहिलाय मी, तुम्ही आपले किडे ऐकतच राहा."