किती दिवस

पल्लवीने चौदा काजूबिया सोप्यावर एका ओळीत मांडल्या. एक बी म्हणजे एक दिवस, दोन आठवड्यांच्या चौदा. जितके दिवस प्रश्नात विचारलंय तसं वाटलं, तितक्या बिया बाजूला सारायच्या, असं तिने शांतामावशीला समजावलं. कागदावरचे पर्याय पार्से गावातल्या म्हाताऱ्यांना कळत नव्हते, म्हणून मनाच्या आजारांच्या सर्वेक्षणवाल्यांनीच ही युक्ती काढली होती. प्रश्न मात्र छापलाय तसाच वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मावशीचे हात काजूच्या बोंडवांच्या रसाने चिकटले होते. ते पुसून ती समोर बसली, देवळात पुराण ऐकायला बसावं तशी.

गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास होतं? ओळ हलली नाही. किती दिवस कशात जीव रमला नाही? बिया जागच्या जागी. किती दिवस झोप लागली नाही? मावशी किंचित हसली. आडवं व्हायला वेळ कुठे असतो, म्हणाली. पल्लवीही हसली आणि तिने फोनवरच्या फॉर्ममध्ये शून्यावर बोट टेकवलं.

तिला या घरी धाडलं होतं शेजारच्या शेवंतीने. शांताची लेक संजना बाळंतपणात गेली, त्याला वर्ष होत आलं. धालोंच्या मांडावर, बायकांच्या त्या नाचगाण्याच्या अंगणात, पहिली ओळ उचलायची ती शांतानेच. तिच्या गळ्यावर बाकीच्या बाया झुलायच्या. यंदा ती मांडावर उभी राहिली आणि गाणं आलंच नाही. तेवढ्याने शेवंती भ्याली नसती. पण परवा शांताने ठेवणीतल्या दोन्ही साड्या आणून तिच्या हातात दिल्या. आपल्याला आता नकोत, म्हणाली. शांताला कुणीतरी डॉक्टर बघू दे, असं शेवंतीने पल्लवीला हात धरून विनवलं होतं.

डॉक्टरीण घरी यायची तर फॉर्मवर दहा गुण लागत. सर्वेक्षणाचे सर म्हणत, आकड्यावरूनच कळेल ना; पण पल्लवी मनातल्या मनात त्या बिया ढकलत होती. एक तरी हलू दे.

नववा, शेवटचा प्रश्न वाचताना तिचा आवाज खाली गेला. मरून गेलेलं बरं, असं किती दिवस वाटलं?

मावशी ओळीकडे बघत राहिली. तिचं बोट एका बीपर्यंत गेलं, थांबलं, मागे आलं.

"एकय दिवस ना," ती म्हणाली.

बेरीज शून्य. फॉर्म गेला. गेलेला फॉर्म परत उघडत नाही, आणि त्याच माणसाला पुन्हा विचारायचं ते सहा महिन्यांनी. तरी पल्लवीने अंगणात जाऊन सरांना फोन लावला. आपल्याला ही बाई बरी वाटत नाही, म्हणाली.

"आकडा किती?"

"शून्य."

"मग बरी आहे की. तुझ्या वाटण्याला मी किती गुण देऊ?"

सगळ्या तालुक्याला एक डॉक्टरीण, दहा आणि त्यावरचीच माणसं तिला पुरून उरतात, एवढं सांगून सरांनी फोन ठेवला.

ती परत आली तर मावशीने तिच्यासाठी दोन पिवळे बोंडू चिरून, वर मीठ भुरभुरून ठेवले होते. पल्लवी तिला लागून खाली बसली. आता वाचायला काही नव्हतं. तिने आपल्याच शब्दांत विचारलं, मावशी, खरंच सगळे दिवस बरे गेले?

मावशीला त्या पोरीची कीव आल्यासारखं झालं. तिने पल्लवीच्या पाठीवरून हात फिरवला.

"दिवस कोणाक खाता गे बाय? दिवसाक पाणी असा, लाकडां असत, बोंडू असत. तू दिवसांचा इचारलंस, म्हणान तसा सांगलंय. रातींचा तू इचारूकच ना."