चिठ्ठी बांधलेले पेनड्राइव्ह

"ते पेनड्राइव्ह आत ठेवा, बाई," अनिरुद्ध म्हणाला. "इथे आम्ही लिनक्स हाताने टाकायला शिकवतो."

सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या चौथ्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी अनिरुद्धची मंडळी जमत आणि नवख्यांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवत. रीत एकच. अनिरुद्धने एकेक कमांड सांगायची, नवख्याने ती टाइप करायची. वीस वर्षांत त्यात काडीचा बदल झाला नव्हता आणि त्याचाच त्यांना कोण अभिमान.

विजयमालाबाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आलेल्या. त्यांनी टेबलावर बारा पेनड्राइव्ह मांडले होते. लावायचा, चार बटणं दाबायची, अर्ध्या तासात लिनक्स तयार. प्रत्येकाला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली, पार्सलला बांधतात तशी.

"ही लिफ्टची कळ दाबण्यासारखी गत झाली," अनिरुद्ध म्हणाला. "अशाने माणूस काही शिकत नाही."

"लिफ्ट होती म्हणून माझे गुडघे इथवर आले. आपण जिन्याने आलात का?"

कुणीतरी उगाच खोकलं. अनिरुद्धने मोर्चा तनुजाकडे वळवला. शेवटच्या वर्षाची मुलगी, मंगळवारी तिची तोंडी परीक्षा, आणि सगळा प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपमध्ये. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली.

"हं, आता एंटर."

"थांब गं," बाई म्हणाल्या. "प्रोजेक्ट दुसरीकडे काढून ठेवलायस ना?"

"का? तो जाणार आहे?" तनुजाने हात मागे घेतला.

"जुनं सगळं पुसलं जातं, एवढं सगळ्यांना माहीत असतं," अनिरुद्ध म्हणाला.

"मला नव्हतं. मुलीच्या लग्नाचे फोटो गेले माझ्याकडून, एका बटणात. ती अजून धड बोलत नाही माझ्याशी. म्हणून ही चिठ्ठी. तुमच्याकडे वीस वर्षांत कुणाचंच काही गेलं नाही?"

मग मागच्या बाकावरून ज्ञानदेव उठले. ते इथले सर्वांत जुने सभासद.

"माझं गेलं होतं. पहिल्याच रविवारी. सांगितलं असतं तर बावळट ठरलो असतो."

तनुजाने एक चिठ्ठी उलगडली. 'आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा. मग हा लावा. अडलं तर फोन करा.' खाली बाईंचा नंबर होता. तिने लॅपटॉप उचलला आणि बाईंच्या शेजारी येऊन बसली. ज्ञानदेवांनीही आपली खुर्ची तिकडे ओढली.

"मी पेनड्राइव्ह आत ठेवा म्हटलं होतं," अनिरुद्ध म्हणाला.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून आणखी दहा काढून टेबलावर मांडले.