लगाम धरणारा

मनोहररावांच्या पाकिटात गेली सत्तेचाळीस वर्षं एकच फोटो होता. मेलबर्नच्या रेसकोर्सवर कप जिंकलेला सिल्व्हर क्रीक नावाचा घोडा, आणि त्याचा लगाम धरून बत्तिशी दाखवत उभा असलेला त्याचा मोतद्दार, म्हणजे खुद्द मनोहरराव. त्या तबेल्यात त्यांनी बारा वर्षं लीद उचलली, खरारा केला आणि इकडे पुण्यात लेकाला शिकवलं.

त्यांच्या पंचाहत्तरीला त्याच लेकाने, ईशानने, अमेरिकेत एडिसनमध्ये हॉल घेतला, ऑफिसच्या मंडळींनाही बोलावलं. "बाबा, तुमचा तो फोटो द्या, रिस्टोर करून भिंतीएवढा करतो. फक्त तबेल्याच्या गोष्टी नकोत हां, ऑफिसचे लोक असणारेत," तो म्हणाला. म्हातारा इतका हरखला, की पुढचं त्याने ऐकलंच नाही.

पडदा सरकला तसा हॉल टाळ्यांनी दुमदुमला. घोड्याची पाठ अगदी कालच न्हाऊ घातल्यासारखी चमकत होती.

"वॉव काका! यात तुम्ही कुठे?" ईशानची मॅनेजर नीना हिने कौतुकाने विचारलं.

मनोहरराव चष्मा सावरत पुढे झाले आणि सवयीने त्यांचं बोट घोड्याच्या मानेपाशी गेलं. तिथे नुसतं हिरवंगार गवत होतं, आणि कुणीच न धरलेला लगाम खाली लोंबत होता. त्यांनी वळून लेकाकडे पाहिलं.



ईशान हसत हसत नीनाला म्हणाला, "बाबा कसे दिसतील? फोटोग्राफर तेच होते ना!"