फूल येईपर्यंत

ओट्यावरच्या कुंड्या त्या सकाळी एकदमच फुलल्या. येसूच्या मुली ताटल्या घेऊन चुलीपाशी जाऊन बसल्या. फूल आलं की जेवायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

चाऱ्याचं पीक वाढावं म्हणून शेतांवर फवारलेला विषाणू रानात शिरला, तेव्हापासून सगळ्या झाडांना एकसारखी पानं येत होती. खायचा टाकळा कोणता नि विषारी धोतरा कोणता, हे पान बघून कळत नव्हतं. येसूचा नवरा त्याच चुकीने गेला. मग तिची मोठी नणंद ऊर्मिला, जी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची, तिने घरात नियमच केला. रानातून आणलेली भाजी सुकवून तिची जुडी बांधायची, त्याच जागचं एक रोप कुंडीत लावायचं, आणि त्याला फूल आल्याशिवाय जुडी सोडायची नाही.

"पान फसवतं, येसू. फूल फसवत नाही," ती म्हणायची.

सगळ्या कुंड्यांत टाकळ्याची पिवळी फुलं होती. ऊर्मिला शेवटच्या कुंडीपाशी थांबली. त्या कुंडीत तिने पडताळ्यासाठी मुद्दाम धोतऱ्याचं बी पेरलं होतं. त्यालाही तेच पिवळं फूल आलं होतं.

घरात दुसरा दाणा नव्हता. येसूने चुलीवर पाणी ठेवलं.

"आधी मी खाते, ताई," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मला काही झालं नाही, तर पोरींना वाढा."

ऊर्मिलाने जुड्या चुलीपाशी आणून मांडल्या.

"कुठली सोडू?"

"कुठलीही."