तहाची चाल

प्रकाशकांनी केतकीच्या खेळातून तहाची चाल परस्पर काढून टाकली होती. तिच्या पटावर राजाला हल्ला करता येई, गड बांधता येई किंवा शेजाऱ्याशी तह करता येई. आता उरला नुसता हल्ला.

“मारामारीच खपते,” ते म्हणाले.

चाचणीला त्यांच्या पत्नी रेवतीवहिनीही बसल्या होत्या. त्यांचं छोटं राज्य दोन्हीकडून घेरलं गेलं आणि त्या लगेच बाद झाल्या.

“आता मी काय करू?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“तू बघत बस.”

केतकीचं डोकंच फिरलं. दुबळ्यालाही काहीतरी करता यावं, म्हणूनच तर तिने हा खेळ रचला होता.

“करारावर मी सही केलेली नाही. खेळ तुम्हाला देणार नाही,” म्हणत तिने पट गुंडाळला.

रेवतीवहिनीही उठल्या. “थांब केतकी. मला तुझा खेळ शिकव.”