खडूच्या भिंती

नोएडाच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचं नेपथ्य नेहमी मीच करत आलो होतो. पंच्याण्णव साली भूकंपावरचं नाटक ठरलं आणि ते बसवणाऱ्या कुमुदिनीताईंनी नेपथ्याचं काम पुण्याहून नुकत्याच आलेल्या अनिशला दिलं. माझ्या पडक्या भिंती, मोडक्या तुळया, सगळं बाद.

रविवारी दुपारी सेक्टरच्या हॉलमध्ये अनिश फक्त खडू घेऊन आला आणि रंगमंचावर घर आखायला लागला. भिंतींच्या जागी नुसत्या रेघा.

मी मुद्दाम मधोमध उभा राहिलो. त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं नाही. माझ्याभोवतीच खोली पूर्ण केली.

“दार कुठाय?” मी विचारलं.

“नकोच, दिलीपदादा. त्या वेळी ते कुणालाच सापडत नाही.”

“बिल्कुल,” कुमुदिनीताई म्हणाल्या. माझ्या कामाला त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

ती रेघ पायाने पुसून टाकावी म्हणून मी तरातरा पुढे गेलो आणि माझं कपाळ आपटलं.

समोर काहीच नव्हतं. हात लावला तर गार, खरबरीत लागलं.

“काय अभिनय करतोस यार,” कुणीतरी हसून म्हणालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याही अनिशकडे बघून.

मी चारी बाजू चाचपल्या. बोटं चुन्याने पांढरी झाली.

“ताई, मला बाहेर काढा.”

“अच्छा, हेच वाक्य ठेवू या,” ताई खूश होऊन म्हणाल्या. “दिलीप, तू तिथेच थांब. चलो, भूकंपाचा प्रवेश घेऊ.”

अनिशने छप्पर आखलंच नव्हतं. तरी माझ्या खांद्यावर वरून बारीक माती पडायला लागली.