लाल रेघ

सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या चौथ्या नळीचा नट मिस्त्रीने सैल केला. डिझेल हातावर उडालं, इंजिन जरा अडखळलं, पण आवाज तस्साच. टण् टण् टण्. त्याने तो आवळून पाचवा सैल केला, मग सहावा. काडीचा फरक नाही. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिनाच्या पोटातलं क्रँकचं बेअरिंग गेलं असतं, तर त्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज दबायला हवा होता. म्हणजे खराबी पोटात नव्हतीच. आणि फाटकाशी भंगारवाला ट्रक ओढून न्यायला साखळी घेऊन उभा होता.

पंधरा दिवसांपूर्वी याच इंजिनाला मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवला होता, मूठ कानाला लावली होती आणि अर्ध्या मिनिटात निकाल देऊन टाकला होता. नळ्या सोडून बघायचे कष्ट घेतले नव्हते. त्याच्या तिखट कानाची ख्याती चार गावांत, आणि गाडी कुणाची, तर मेहुण्याची. घरच्या गाडीला कसली एवढी तपासणी!

"क्रँक गेला. घाल भंगारात," तो सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं ओरडला होता. "ऑइल बघायचं नाही, नुसती दामटायची. अरे ठोकळ्या, हातगाडी तरी नीट ढकलता येईल का तुला?"

कारागीर पोट धरून हसले होते. अठरा वर्षं त्याच ट्रकवर घर चालवणारा मेहुणा खाली मान घालून एवढंच म्हणाला होता, "चुकलंच माझं, भाऊजी."

आज तो बायकोला घेऊन केबिन रिकामी करायला आला होता. उशी, कांबळं, पाण्याचा कॅन खाली उतरवता उतरवता ती म्हणाली, "भाऊजी, जायच्या आधी एकदा नीट बघा ना." एरवी मिस्त्रीपुढे ती तोंड उघडायची नाही. म्हणून केवळ तिचं मन राखायला त्याने पाना उचलला होता.

आता त्याने इंजिन बंद केलं आणि तो गाडीखाली शिरला. क्लचच्या खालचा पत्रा काढला. पहारीने फ्लायव्हीलचं जड चाक थोडं थोडं फिरवत क्लचच्या एकेका बोल्टला पाना लावला. सहा पक्के. सातवा बोटानेच फिरला. आठवाही.

तीन महिन्यांपूर्वी क्लच त्यानेच बसवला होता. त्या दिवशी मधेच कुणीतरी हाक मारली होती, तो गप्पा मारत बसला होता, ते सगळं झर्रकन आठवलं. मिस्त्री शरमेने कानापर्यंत तापला. चूक आपली आणि शिव्या त्या गरिबाला! त्याने दोन्ही बोल्ट दातओठ खाऊन आवळले. बाहेर जाऊन काय सांगायचं? काहीही सांगता येईल. गाडीखाली कोण डोकावतंय?

बोल्ट आवळला की त्यावर तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ ओढायची, ही त्याची तीस वर्षांची सवय. खिशातली डबी काढून त्याने चिंधीने बोल्टचं डोकं पुसलं आणि थबकला. रेघ आधीच होती. दुसरं पुसलं. तिथेही रेघ.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपण विसरलो नव्हतो! पडल्या पडल्याच तो गरजला, "ठोकळ्या! क्लचचे बोल्ट सुटलेत. मी पक्के आवळले होते, माझी रेघ आहे त्यांच्यावर! आदळआपट करून ढिले केलेस!"

वरून मेहुण्याचा आवाज आला, नेहमीसारखाच पडेल. "हो भाऊजी. माझ्याच हातून झालं असेल."

कारागीर हसले. मिस्त्रीही हसला आणि रेघेवरचं उरलेलं ग्रीस अंगठ्याने पुसायला गेला. रेघ चकाकली. बाकीच्या सहा मळकट, विटलेल्या होत्या. या दोन काचेसारख्या गुळगुळीत, नाजूक, जेमतेम ओढलेल्या. त्याने नखाने खरवडलं, तर पापुद्रा निघून बोटाला चिकटला. हा ऑइलपेंट नव्हता.

म्हणजे रस्त्यात कुठेतरी पहिल्यांदा आवाज आल्यावर मेहुण्याने हाच पत्रा काढला होता. दोन बिनरेघेचे बोल्ट पाहिले होते. जवळच्या आखूड पान्याने जमेल तसे आवळले होते आणि पुढे कुणी पत्रा काढला तर मिस्त्रीचं नाव खराब होऊ नये, म्हणून वर रेघही ओढली होती. आवाज परत आला तेव्हा चारचौघांत शिव्या खाल्ल्या, ट्रक भंगारात द्यायला निघाला, पण त्या बोल्टांबद्दल चकार शब्द काढला नाही. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीखालीच पडून राहावं, कुणी तोंड पाहू नये असं वाटलं.

त्याने मान वळवली. पुढच्या चाकाशी मेहुण्याच्या बायकोची पावलं दिसत होती. साध्या चपला, टाचांना भेगा आणि बोटांच्या नखांवर तोच लाल, चकाकता रंग.

मघाइतक्याच मोठ्या आवाजात, फाटकापर्यंत जाईल असा मिस्त्री ओरडला, "ते दोन बोल्ट मी आवळलेच नव्हते! चूक माझी आहे!"

गॅरेजमध्ये कुणी हसलं नाही. फक्त चाकाजवळची ती लाल नखं चपलांमध्ये हळूच आक्रसली.